बियांतले एन्झाइमरोधक आणि ब्रॅडिकायनिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावरचे प्रश्न माझ्याकडे दोन वाटांनी येतात. एक वाट जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची, दुसरी बीपीची गोळी सुरू असलेल्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बियांमध्ये नैसर्गिक इनहिबिटर असतो’ असं काहीतरी वाचलेल्या मंडळींची. दोघांचं गाडं बहुतेक वेळा ‘इनहिबिटर’, म्हणजे रोधक, या एकाच शब्दात अडकतं. घाई असेल तर ५, ७ आणि ८ हे प्रश्न आधी वाचा.

१. ब्रॅडिकायनिन म्हणजे काय?

नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी, म्हणजे पेप्टाइड. तिचा क्रम असा: आर्जिनिन, प्रोलिन, प्रोलिन, ग्लायसिन, फेनिलअ‍ॅलनिन, सेरिन, प्रोलिन, फेनिलअ‍ॅलनिन, आर्जिनिन. दोन्ही टोकांना आर्जिनिन आहे हे लक्षात ठेवा, पाचव्या प्रश्नात ते कामाला येईल.

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर बी-२ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो. ब्रॅडिकायनिन त्याला चिकटलं की त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडतात. त्यामुळे बाजूचा स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते आणि दाब उतरतो. पण हे पेप्टाइड तेवढ्यावर थांबत नाही. ते केशिकांच्या भिंती पाझऱ्या करतं, म्हणून सूज येते. वेदनेच्या मज्जातंतूंनाही ते डिवचतं. त्याला नुसतं ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ म्हणून चालत नाही.

२. हे नाव कसं पडलं? शोध कुणी लावला?

ब्राझीलमध्ये, साओ पावलोच्या इन्स्टिट्यूटो बायोलॉजिकोमध्ये. मौरिसियो रोशा ई सिल्वा, विल्सन बेराल्डो आणि गास्ताओ रोझेनफेल्ड यांनी १९४९ साली हे काम प्रसिद्ध केलं. तिथल्या जराराका नावाच्या सापाचं विष रक्तद्रवात मिसळलं, की गिनिपिगच्या आतड्याचा तुकडा सावकाश आकुंचित करणारं काहीतरी तयार होतं, असं त्यांना दिसलं. ग्रीकमध्ये ‘ब्रॅडिस’ म्हणजे सावकाश आणि ‘किनेइन’ म्हणजे हलणं, त्यावरून नाव. विषाऐवजी ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं एन्झाइम, वापरलं तरी तेच घडत होतं. ट्रिप्सिनचा हा धागा पुढे थेट सोयाबीनपर्यंत येतो.

३. शरीरात ते तयार कसं होतं?

ते सुटं तयार होत नाही, मोठ्या प्रथिनातून कापून काढलं जातं. यकृत कायनिनोजेन नावाचं प्रथिन बनवून रक्तात सोडतं आणि ब्रॅडिकायनिनची साखळी त्यातच दडलेली असते. ती कापणारं एन्झाइम, मराठीत विकर, म्हणजे कॅलिक्रीन. स्वादुपिंडाच्या ग्रीक नावावरून हा शब्द आला. त्याची सुरुवातही गमतीशीर आहे. १९२०च्या दशकात म्युनिकचे शल्यविशारद एमिल फ्राय यांनी माणसाची लघवी कुत्र्याला टोचली आणि कुत्र्याचा रक्तदाब उतरला. या कामातूनच पुढे क्राउट आणि वेर्ले यांच्यासह कॅलिक्रीन सापडलं.

कॅलिक्रीन दोन जातींचं असतं. रक्तद्रवातलं कॅलिक्रीन निष्क्रिय रूपात फिरत असतं. गोठण साखळीतला, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतला, बारावा घटक जागा झाला की तो कॅलिक्रीनला जागं करतो, आणि कॅलिक्रीन उलट बाराव्या घटकाला आणखी जागं करतं. दुसरं ऊतींमधलं, म्हणजे मूत्रपिंड, लाळग्रंथी, स्वादुपिंड यांतलं. ते दहा अमिनो आम्लांचं कॅलिडिन कापून काढतं, म्हणजे ब्रॅडिकायनिनच, पुढे एक लायसिन जोडलेलं. ही विभागणी प्रश्न ९ मध्ये पुन्हा लागणार आहे.

४. बियांत हे रोधक असतात तरी कशासाठी?

बी म्हणजे पुढच्या रोपाची शिदोरी, आणि प्रथिनांनी भरलेली शिदोरी सगळ्यांनाच हवी असते. अळीच्या पोटात ट्रिप्सिनसारखी एन्झाइमं असतात. रोधक त्यांना अडवतो, त्यामुळे अळीला खाल्लेलं पचत नाही आणि तिची वाढ खुंटते. चवळीतल्या ट्रिप्सिनरोधकाचं जनुक तंबाखूच्या रोपात घालून ते रोप किडीला जास्त दाद देत नाही, हे १९८७ मध्ये दाखवलं गेलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही हरभऱ्यावरच्या घाटे अळीला डोळ्यांसमोर ठेवून अशा रोधकांवर बरीच वर्षं काम झालं आहे.

माणसाच्या रक्तदाबाशी झाडाला काही देणंघेणं नाही. अळीच्या पोटातलं ट्रिप्सिन आणि आपल्या रक्तातलं कॅलिक्रीन ही एकाच घराण्यातली एन्झाइमं आहेत, सेरिन प्रोटिएज नावाच्या. त्यामुळे एकीसाठी बनवलेली अडसर दुसरीलाही बसते.

५. मग बीतला रोधक ब्रॅडिकायनिनचं नेमकं काय करतो?

ब्रॅडिकायनिनला तो हातही लावत नाही. ते कापून काढणाऱ्या कॅलिक्रीनला अडवतो, म्हणून ब्रॅडिकायनिन जन्मालाच येत नाही.

सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे तो सोयाबीनच्या क्युनिट्झ रोधकाचा. मोझेस क्युनिट्झ यांनी अमेरिकेतल्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९४५ साली तो स्फटिकरूपात मिळवला. १८१ अमिनो आम्लं, दोन गंधक-पूल (साखळीला आतून बांधणारे गंधकाचे जोड), वजन साधारण वीस हजार डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक). त्याच्या ६३व्या जागी आर्जिनिन आहे आणि ते एका बाहेर आलेल्या वळशावर नीट मांडून ठेवल्यासारखं असतं. कॅलिक्रीनला आर्जिनिननंतर कापायची सवय. ब्रॅडिकायनिनचं शेवटचं टोक ते असंच सोडवतं. समोर ओळखीचं आर्जिनिन दिसलं की ते रोधकावर झेपावतं.

अडकित्त्यात सुपारीच्या मापाचा गारगोटीचा खडा धरला तर काय होईल? पाती बरोबर बसतात, दाबही पडतो, पण खडा फुटत नाही आणि अडकित्ता तिथेच अडून राहतो. इथेही तसंच होतं. रोधक एन्झाइमच्या खाचेत खऱ्या घासासारखा बसतो, पण बंध तुटायला इतका वेळ लागतो आणि तुटला तरी तुकडे इतके घट्ट धरून असतात, की एन्झाइम मोकळं होत नाही.

६. पण मी वाचलं की सोयाबीनचा रोधक रक्तवाहिन्या सैल करतो. खरं ना?

उलटं आहे. प्रश्न ५ नीट वाचला तर ध्यानात येईल, की सैल करणाऱ्या पेप्टाइडची निर्मितीच तो कमी करतो. प्रयोगातल्या प्राण्याला तो टोचला तर अपेक्षा असते कमी सुजेची, कमी रुंदावलेल्या वाहिन्यांची आणि न पडलेल्या दाबाची. ‘रोधक’ आणि ‘रक्तवाहिनी’ हे शब्द एका वाक्यात आले, की वाचणारा आपोआप बीपीच्या गोळीकडे जातो. चूक त्याची नाही, बातमी लिहिणाऱ्याची आहे.

७. एसीई इनहिबिटर हाही इनहिबिटरच ना? मग फरक कुठे?

फरक आहे तो नळाचा आणि मोरीचा. कॅलिक्रीन हा नळ, ब्रॅडिकायनिन त्यातून येतं. एसीई, म्हणजे अँजिओटेन्सिन-कन्व्हर्टिंग एन्झाइम, ही मोरी, ब्रॅडिकायनिन तिथून वाहून जातं. रक्तात ते जेमतेम पंधरा ते तीस सेकंद टिकतं, आणि फुप्फुसांतल्या एसीईमधून एकदा गेलं की त्यातलं फारसं उरत नाही. सोयाबीनचा रोधक नळ बंद करतो. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल ही औषधं मोरीला बोळा लावतात, म्हणून ब्रॅडिकायनिन साचतं. शिवाय एसीई रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ तयार करतं, तेही या औषधांनी घटतं. बीपी उतरतं ते या दोन्हींमुळे.

या औषधांची पाळंमुळंही जराराका सापाच्या विषात आहेत. ब्राझीलचे सर्जियो फेरेरा यांनी १९६५ मध्ये त्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारी पेप्टाइडं असल्याचं दाखवलं. त्या वाटेवरून जात स्क्विब कंपनीतल्या कशमन आणि ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल घडवलं, आणि १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे त्याच विषाने ब्रॅडिकायनिन दाखवलं आणि ते साठवायचं कसं तेही दाखवलं.

८. मी ‘प्रिल’वाली गोळी घेते, कोरडा खोकला थांबत नाही. कुळीथ किंवा सोयाबीन खाऊन ब्रॅडिकायनिन कमी करता येईल का?

कागदावर तर्क बरोबर आहे: खोकल्यामागे साचलेल्या ब्रॅडिकायनिनचा हात असल्याचं मानलं जातं आणि बीतला रोधक ते कमी करतो. पण ताटातून तो रक्तापर्यंत पोचत नाही (प्रश्न १४), आणि पोचला असता तर गोळीचा अर्धा फायदाच पुसून टाकला असता.

हा खोकला या गोळ्यांचा नेहमीचा आणि माहितीतला दुष्परिणाम आहे. डॉक्टरांना सांगितलंत तर ते बहुधा ‘सार्टन’ गटातली गोळी देतील, तिच्याने मोरी तुंबत नाही. गोळी मनाने बंद करू नका. आणि ओठ, जीभ किंवा घसा सुजायला लागला तर फोन करत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा आणि कोणती गोळी सुरू आहे ते सांगा. ब्रॅडिकायनिनमुळे आलेली सूज अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या औषधांना फारशी दाद देत नाही.

९. सोयाबीनचा रोधक दोन्ही कॅलिक्रीनांवर चालतो का?

नाही. रक्तद्रवातल्या कॅलिक्रीनला तो अडवतो, ऊतींमधल्या कॅलिक्रीनवर त्याचं काही चालत नाही. एखाद्या नमुन्यातली हालचाल कुठल्या कॅलिक्रीनची, हे ओळखायची जुनी युक्ती म्हणजे सोयाबीनचा रोधक घालून पाहणं. थांबली तर रक्तद्रवातलं, नाही थांबली तर ऊतींमधलं असण्याची शक्यता. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि ‘सोयाबीन रोधक कॅलिक्रीनला रोखतो’ एवढंच लिहून विद्यार्थी निम्मे गुण घालवतात.

ट्रिप्सिनलाही तो अडवतो हे विसरू नका. प्रश्न २ मध्ये पाहिलं तसं ट्रिप्सिनही कायनिनोजेनमधून ब्रॅडिकायनिन सोडवू शकतं.

१०. तयार ब्रॅडिकायनिन थेट टोचलं तर हा रोधक त्याचा परिणाम थांबवतो का?

नाही, आणि प्रयोगात ही तपासणी आवर्जून करावी. तयार पेप्टाइड टोचलं की निर्मितीची पायरीच वगळली जाते आणि ग्राहक तर मोकळाच असतो. रोधकाने टोचलेल्या ब्रॅडिकायनिनचाही परिणाम अडवला असं दिसलं, तर नमुन्यात दुसरं काही मिसळलंय का ते आधी बघा. ग्राहक अडवणारी औषधं वेगळी, उदाहरणार्थ इकाटिबँट.

११. अ‍ॅप्रोटिनिनलाही क्युनिट्झ रोधक म्हणतात. म्हणजे तेही सोयाबीनचंच?

आडनाव एक, घर वेगळं. क्युनिट्झ आणि नॉर्थ्रॉप यांनी १९३६ मध्ये गुरांच्या स्वादुपिंडातून एक छोटा ट्रिप्सिनरोधक वेगळा केला होता, ५८ अमिनो आम्लांचा आणि तीन गंधक-पुलांचा. तोच अ‍ॅप्रोटिनिन. त्याची घडण सोयाबीनच्या रोधकापेक्षा पूर्ण निराळी आहे आणि तो दोन्ही जातींच्या कॅलिक्रीनना अडवतो. संदर्भात ‘क्युनिट्झ’ दिसलं की वनस्पतीचा की प्राण्याचा, एवढं बघूनच पुढे वाचा.

१२. सोयाबीन सोडून आणखी कोणत्या बियांत असे रोधक सापडले?

शेंगांच्या कुळात तर रेलचेल आहे, आणि ब्राझीलच्या साओ पावलो संघीय विद्यापीठातल्या मंडळींनी त्यावर भरपूर काम केलं आहे. आपट्याचं आणि कांचनाचं कूळ, बॉहिनिया, तिथे विशेष लाडकं. तिकडच्या बॉहिनिया बॉहिनिऑइडिसच्या बियांतला एक रोधक घडणीने सोयाबीनच्या भावकीतला असूनही त्यात एकही गंधक-पूल नाही, आणि तो माणसाच्या रक्तद्रवातल्या कॅलिक्रीनला फारच कमी मात्रेत अडवतो. त्याच बीतला दुसरा, जवळपास जुळा वाटावा असा रोधक कॅलिक्रीनकडे ढुंकूनही पाहत नाही, तो वेगळ्याच एन्झाइमांच्या मागे असतो. एका बीत शेजारी शेजारी राहून दोघांची कामं अशी निराळी, हे मला या विषयातलं सर्वांत मोहक वाटतं.

आपल्या अंगणातली उदाहरणंही आहेत. कांचन, म्हणजे बॉहिनिया व्हेरिगाटा, आणि गुलमोहर या दोघांच्याही बियांतले रोधक ट्रिप्सिनबरोबर रक्तद्रवातल्या कॅलिक्रीनलाही अडवतात असं आढळलं आहे. दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो तो आपटा याच भावकीतला, पण नात्यावरून गुणधर्म ठरवायचे नसतात. वरची जुळी जोडी आठवा.

मका आणि लाल भोपळा यांच्या बियांतले रोधक आणखी एक पायरी वर जाऊन बाराव्या घटकालाच अडवतात. भोपळ्याचा तर अवघ्या तिशीच्या आतबाहेर अमिनो आम्लांचा. सूर्यफुलाच्या बीतला याहून चिमुकला: १४ अमिनो आम्लांचं कडं, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली. तो मुळात ट्रिप्सिनचा रोधक, पण त्याचा सांगाडा इतका टणक आहे की त्यात एकदोन अमिनो आम्लं बदलून हव्या त्या एन्झाइमसाठी तो घडवायचा प्रयत्न रसायनज्ञ करत असतात.

१३. मग कांचनाच्या किंवा गुलमोहराच्या बिया कुटून खाल्ल्या तर सूज उतरेल?

खाऊ नका. प्रयोगात वापरला जातो तो बीतून वेगळा काढलेला, शुद्ध केलेला आणि मोजून टोचलेला एकच घटक. अख्ख्या बीत त्याच्यासोबत काय काय असतं याचा नेम नसतो. गुंज आणि एरंड यांच्या बियांतली विषारी प्रथिनंही ‘नैसर्गिक’च आहेत.

१४. कच्चं सोयाबीन खाल्लं तर रोधक रक्तात जाऊन ब्रॅडिकायनिन घटवतो का?

तसं मानायला आधार नाही. वीस हजार डाल्टनचं प्रथिन आतड्याच्या भिंतीतून अख्खंच्या अख्खं फारसं आत जात नाही. जठरात आणि पुढे त्याचे लचके तुटतात, आणि जे टिकतं ते आतड्यातल्याच ट्रिप्सिनला चिकटून बसतं. म्हणून खाण्यातला परिणाम दिसतो तो पचनावर. ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच नोंदवलं होतं, की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत आणि तेच सोयाबीन शिजवून दिलं की वाढतात. रक्तदाबाचा इथे प्रश्नच येत नाही. पोटाचा येतो.

१५. भिजवून, मोड आणून, शिजवून हे रोधक जातात का?

शिजवून जातात, बऱ्यापैकी. क्युनिट्झ रोधक ओल्या उष्णतेने लवकर मोडतो. बियांत दुसरा एक असतो, बाउमन-बर्क रोधक: ७१ अमिनो आम्लांचा, पण सात गंधक-पुलांनी आवळलेला, दोन तोंडांचा, एका तोंडाने ट्रिप्सिनला आणि दुसऱ्याने कायमोट्रिप्सिनला धरणारा. तो जास्त चिवट. कुळथात याच घराण्यातले रोधक असतात. भिजवल्याने थोडे पाण्यात उतरतात, मोड आल्यावर आणखी घटतात, आणि कुकरच्या शिट्ट्या बाकीचं काम करतात. नुसतं कोरडं भाजणं त्यामानाने कमी पडतं. पण कुळथाची पिठी कोणी कोरडी खात नाही, भाजून दळलेलं पीठ पुन्हा आधणात शिजतंच.

वालाच्या बिरड्याचा खटाटोप आठवा: रात्रभर भिजवायचे, मोड आणायचे, सोलून डाळिंब्या करायच्या आणि मग शिजवायच्या. आजीला ट्रिप्सिन ठाऊक नव्हतं, पोटदुखी ठाऊक होती. सोयादूध आणि टोफू तयार करतानाच तापवलेले असतात, त्यांची काळजी नको. मोड आलेले मूग मूठभर कच्चे खाल्ले तर निरोगी माणसाला काही होत नाही.

१६. पण बियांच्या प्रथिनांतून बीपी कमी करणारी पेप्टाइडं मिळतात, असंही संशोधन आहे. हे वरच्या सगळ्याच्या विरुद्ध नाही का?

नाही, कारण ती वेगळी मंडळी आहेत. रोधक म्हणजे अख्खं, घडी घातलेलं प्रथिन, ते नळ अडवतं. सोयाबीन, मूग, जवस यांची प्रथिनं पचवली किंवा आंबवली की त्यांचे दोन-तीन अमिनो आम्लांचे बारके तुकडे होतात, आणि त्यांतले काही परीक्षानळीत एसीईला अडवतात, म्हणजे मोरीला बोळा लावतात (प्रश्न ७). एकाच बीतून दोन्ही निघतात आणि दिशा उलट. मात्र परीक्षानळीतल्या एसीई-रोधनावरून माणसाच्या बीपीबद्दल बोलताना जपून बोलावं. हे तुकडे आतड्यातून शाबूत पार व्हायला हवेत, आणि झाले तरी परिणाम गोळीच्या तोडीचा नसतो.

१७. कॅलिक्रीन अडवणारं औषध खरंच आहे का, की हे सगळं उंदरांपुरतंच?

आहे, पण बीतलं नाही. आनुवंशिक अँजिओएडिमा नावाच्या दुर्मीळ आजारात सी-१ इनहिबिटर हे आपलं स्वतःचं रोधक प्रथिन कमी पडतं किंवा काम करत नाही. मग कॅलिक्रीनला लगाम राहत नाही, ब्रॅडिकायनिन बेसुमार सुटतं, आणि चेहरा, घसा, आतडी सुजतात. घसा सुजला तर जिवावर बेततं. त्यावर अमेरिकेत २००९ मध्ये एकॅलँटाइड, २०१८ मध्ये लानाडेलुमॅब आणि २०२० मध्ये तोंडाने घ्यायचं बेरोट्रालस्टॅट मंजूर झालं, तिन्ही रक्तद्रवातल्या कॅलिक्रीनला अडवणारी. एकॅलँटाइड हे ६० अमिनो आम्लांचं प्रथिन अ‍ॅप्रोटिनिनच्या घराण्यातलं आहे, सोयाबीनच्या नव्हे (प्रश्न ११).

कॅलिक्रीन गोठण साखळीतही असतं, मग ते अडवल्यावर रक्तस्राव होणार नाही का, असं लगेच विचारलं जातं. जन्मतः कॅलिक्रीनचं मूळ प्रथिन नसलेल्या माणसांच्या रक्ताला प्रयोगशाळेतल्या एका चाचणीत गोठायला वेळ लागतो, पण त्यांना रक्तस्रावाचा त्रास होत नाही. सोयाबीनचा रोधक मात्र इतका एकनिष्ठ नाही. तो गोठण साखळीतल्या दहाव्या घटकालाही धरतो, आणि त्यापासून औषध करण्यातली ही एक अडचण आहे.

१८. रक्तातलं ब्रॅडिकायनिन मोजताना सोयाबीनचा रोधक घातला, तरी आकडे दर वेळी वेगळे येतात. काय चुकतंय?

बहुधा तीनपैकी एक. पहिली गोष्ट काच. रक्त काचेला लागलं की बारावा घटक जागा होतो आणि तुमच्या डोळ्यांसमोर नळीतच नवं ब्रॅडिकायनिन तयार होतं. प्लास्टिकची सिरिंज आणि नळी वापरा.

दुसरी, रोधकाने फक्त नळ बंद केला, मोरी उघडीच राहिली. एसीई आणि कार्बॉक्सिपेप्टिडेज-एन ही दोन्ही जस्तावर चालणारी एन्झाइमं ब्रॅडिकायनिन खात राहतात. त्यांच्यासाठी ईडीटीए किंवा फेनँथ्रोलिनसारखं जस्त बांधून ठेवणारं रसायन सोबत हवं. गोठणाच्या चाचण्यांसाठी रक्त घेताना बाराव्या घटकाला थोपवायला मक्याचा रोधक नळीत घालतात, पण तोही मोरी बंद करत नाही.

तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते: रक्त काढून झाल्यावर, टेबलाशी येऊन रोधक मिसळणं. तोवर मिनिट उलटलेलं असतं आणि हे पेप्टाइड सेकंदांत मोजायचं आहे. मिश्रण सिरिंजमध्ये आधी भरून ठेवा, बर्फात गार करा आणि मगच सुई टोचा.